यादीपेक्षा कसोटी बरी

परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांवर राष्ट्रीय सुरक्षेसाठी निर्बंध घालण्याचे दोन मार्ग भारतात रूढ झाले आहेत. एकात सरकार नावांची यादी काढते आणि त्या सेवा बंद होतात. दुसऱ्यात कसोटी जाहीर होते आणि तिला उतरेल त्यालाच बाजारात जागा मिळते. दोन्हींचा रोख मुख्यतः चिनी कंपन्यांवर असला, तरी त्यांची गुणवत्ता सारखी नाही.

पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण २९ जून २०२० चे. गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण आल्यानंतर दोन आठवड्यांत इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने टिकटॉक, यूसी ब्राउझर, शेअरइट, कॅमस्कॅनर यांसह ५९ अॅप बंद केली. सप्टेंबरात पबजी मोबाइलसह आणखी ११८ अॅपची भर पडली. आधार होता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात वैध ठरवले. बंदीची कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे, हाही मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला होता. मात्र २००९ च्या नियमावलीतील सोळावा नियम तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. परिणामी कारणे फायलीत राहतात आणि वापरकर्त्यांच्या हाती फक्त यादी येते.

याचा त्रास पबजीच्या पुढच्या प्रवासात दिसतो. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने २०२१ मध्ये याच खेळाची भारतीय आवृत्ती आणली. जुलै २०२२ मध्ये तीही अॅप-स्टोअरमधून हटली. मे २०२३ मध्ये तिला तीन महिन्यांच्या चाचणीपुरती परवानगी मिळाली, तेव्हा सर्व्हरची जागा आणि माहितीची सुरक्षा यांविषयीच्या अटी कंपनीने पूर्ण केल्याचे राज्यमंत्र्यांनी सांगितले. म्हणजे अडचण नेमकी कोठे होती, हे लोकांना खेळ परतताना कळले.

दूरसंचार क्षेत्रात सरकारने दुसरा मार्ग धरला. मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेला सुरक्षा निर्देश १५ जून २०२१ पासून लागू झाला. मोबाइल कंपन्यांना जाळ्यात नवे उपकरण बसवायचे तर ते 'विश्वसनीय स्रोता'कडूनच घ्यावे लागते. हे स्रोत राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक ठरवतात आणि त्यासाठी उपराष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखालील समितीची मंजुरी लागते. आधी बसवलेली यंत्रणा उखडण्याची सक्ती मात्र नाही. ब्रिटनने हुआवेची उपकरणे ५जी जाळ्यातून २०२७ अखेर पूर्णपणे काढण्याचे ठरवले. त्या तुलनेत भारतीय कंपन्यांवरचा बोजा हलका राहिला.

सीसीटीव्हीबाबतची कसोटी याहून उघड आहे. सरकारी संस्थांतील सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतील चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे, असे २०२१ मध्ये संसदेत सांगण्यात आले होते. ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटशी जोडता येणाऱ्या कॅमेऱ्यांना विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी लागते. दुरुस्तीसाठी आत ठेवलेली यूएसबी किंवा यूएआरटी जोडणी बंद आहे का, निदान कठीण पासवर्डने सुरक्षित आहे का, हे तेथे पाहिले जाते. सॉफ्टवेअरचा सोर्स कोडही तपासला जातो. नियम देशी-विदेशी सर्वांना सारखाच असल्याने उत्पादकाला आपला माल कोठे कमी पडतो ते कळते आणि सुधारणा करता येते.

कसोटीचा मार्गही निर्दोष नाही. प्रयोगशाळा अपुऱ्या पडल्या की माल अडकतो, आणि सोर्स कोड दाखवताना व्यवसायाची गुपिते फुटण्याची भीती कंपन्यांना वाटते. विश्वसनीय स्रोत ठरवतानाही सगळे निकष उघड होत नाहीत. तरी या उणिवा प्रयोगशाळा वाढवून, मुदती बांधून दूर करता येतात. यादीची उणीव गोपनीयतेतच आहे.

सीमेवर तणाव असताना तातडीची बंदी घालण्याचा अधिकार सरकारकडे असायलाच हवा. पण त्या बंदीनंतर ठरावीक मुदतीत, गुप्त स्रोत झाकून का होईना, कारणांचा सारांश प्रसिद्ध व्हावा आणि परतण्याच्या अटी लेखी मिळाव्यात. बंदीच्या आदेशांचा आढावा घेणाऱ्या समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसावे, असे २००९ चे नियम सांगतातच. तिचे निष्कर्ष जाहीर करण्याची तरतूद केली, तर त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज पडणार नाही.