भोपाळची जमीन आणि अपुरा हिशेब

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील 337 टन विषारी कचरा 2025 च्या जानेवारीत पीथमपूरला हलविण्यात आला व जूनअखेर तो जाळून संपविण्यात आला. 1984 च्या वायुकांडानंतर 40 वर्षांनी झालेल्या या कामाचे स्वागतच करावयास हवे. परंतु तेवढ्याने ती जागा शुद्ध झाली असे मानणे ही आत्मवंचना ठरेल.

जाळला तो गोळा करून ठेवलेला कचरा. जमिनीत मुरलेल्या विषाचे काय? शासकीय संशोधन संस्थांच्या 2010 च्या अहवालात शुद्ध कराव्या लागणाऱ्या मातीचा अंदाज 11 लाख टन होता. भोवतालच्या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश तर सर्वोच्च न्यायालयाला 2004 सालीच द्यावा लागला होता.

कीटकनाशकाच्या किमतीत या शुद्धीकरणाचा खर्च कधी धरलाच गेला नाही. न धरलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या खाती पडतो. भोपाळात तो आधी हातपंपाचे पाणी पिणाऱ्यांच्या आणि मग सरकारी तिजोरीच्या माथी आला. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, हे तत्त्व 1996 च्या बिछडी निकालात मान्य झाले आहे. पण कंपनी निघून गेल्यावर वसुली कोणाकडून करणार? म्हणून परवाना देतानाच शुद्धीकरणाची ठेव घेणे हाच खरा उपाय होय.

भोपाळच्या जागेवर स्मारक होवो वा उद्यान. पायाभरणीपूर्वी तेथील माती-पाण्याच्या तपासणीचे आकडे जनतेपुढे आले पाहिजेत. विषावर हिरवळ पसरणे म्हणजे पुनर्वापर नव्हे.