पुन्हा श्रीगणेशा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की आपल्याकडे हवेतच तयारीची चाहूल असते. श्रावणसरी ओसरू लागलेल्या असतात, मूर्तिकारांच्या कारखान्यांत शाडूवर अखेरचा हात फिरत असतो आणि संध्याकाळ झाली की नदीकाठच्या पटांगणांतून ढोल-ताशा पथकांचा सराव घुमू लागतो. मिरवणुकीच्या दिवशी आपण त्या ठेक्यावर डोलतो, पण तो ठेका बसावा म्हणून आधीचे कितीतरी आठवडे रोज हात भरून आलेले असतात, चुकलेले पुन्हा पहिल्यापासून घेतलेले असते. याच दिवसांत, २८ ऑगस्टला, दूर पोलंडमध्ये विमानदलाचा दिवस साजरा होतो. १९३२ साली फ्रान्चिशेक झ्विर्को हा वैमानिक आणि स्तानिस्वाफ विगुरा हा अभियंता या जोडीने बर्लिनमध्ये युरोपातली त्या काळची मोठी विमानस्पर्धा जिंकली, तीही विगुराचा हात लागलेल्या स्वदेशी बनावटीच्या विमानातून. दोनच आठवड्यांत, ११ सप्टेंबरला, वादळात सापडून दोघेही गेले. तरीही पोलंडने शोकाची तारीख बाजूला ठेवून विजयाचीच तारीख दिन म्हणून पाळायची ठरवली.

या दिवसाच्या निमित्ताने आपण आज आठवण काढू या ती १९४० सालच्या ऑगस्टची आणि लंडनच्या पश्चिमेला असलेल्या नॉर्थोल्टच्या विमानतळाची. पोलिश वैमानिकांचे ३०३ क्रमांकाचे स्क्वाड्रन तिथे २ ऑगस्टला उभे राहिले. त्या महिन्यात ब्रिटनच्या आकाशात लढाई ऐन भरात होती. जर्मन विमानांचे थवेच्या थवे खाडी ओलांडून येत होते, ब्रिटिश तरुण रोज वर जात होते आणि त्यांतले काही परत येत नव्हते. ३०३चे वैमानिक मात्र खाली जमिनीवर शिकत होते. त्या २८ ऑगस्टलाही ते शिकाऊच गणले जात होते.

ही माणसे नवशिकी नव्हती. विस्तुला नदीकाठच्या देंब्लिनच्या प्रबोधिनीत तावूनसुलाखून निघालेले वैमानिक त्यांच्यात होते. १९३९च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलरचे आणि पूर्वेकडून स्टालिनचे सैन्य घुसले तेव्हा जुनाट विमाने घेऊन ते लढले. देश पडल्यावर रुमानिया, हंगेरी अशी मिळेल ती वाट धरून फ्रान्सला पोहोचले, तिथे पुन्हा लढले आणि फ्रान्सही पडल्यावर १९४०च्या जूनमध्ये मिळेल त्या जहाजाने ब्रिटनच्या किनाऱ्याला लागले. मागे घर उरले नव्हते, आईवडिलांची खबर नव्हती. आणि ज्या देशाला त्यांची गरज होती, त्या देशालाच त्यांच्याविषयी खात्री नव्हती. दोनदा हरलेल्या सैन्याची माणसे, भाषा येत नाही, शिस्त कशी असेल कोण जाणे! सुरुवातीला आलेल्या अनुभवी अधिकाऱ्यांनाही ब्रिटिश विमानदलाच्या राखीव दलात सगळ्यांत खालच्या अधिकारीपदावर घेतले गेले. पोलिश विमानदल हे स्वतःच्या सरकारला बांधील असलेले स्वतंत्र दल आहे, हे करारावर उतरले ते १९४०च्या ऑगस्टमध्ये.

मग सुरू झाला नव्याने श्रीगणेशा. मायदेशी त्यांनी चालवलेली पी-११ विमाने उघड्या कॉकपिटची होती आणि त्यांची चाके कायम खालीच असत. नॉर्थोल्टला त्यांच्या हाती आले हरिकेन. उडाल्यावर त्याची चाके पोटात घ्यायची आणि उतरताना आठवणीने खाली सोडायची. आता ज्याने वर्षानुवर्षे चाकांचा विचारच केलेला नाही, त्याच्या हाताला ती आठवण कशी राहावी? चाके खाली घ्यायची राहून विमान पोटावर घासत उतरण्याचे प्रसंगही ओढवले. शिवाय हरिकेनमध्ये चाकांचा दांडा उजव्या हाताला, म्हणजे विमान जमीन सोडत असतानाच उजव्या हातातली सुकाणूची दांडी डाव्या हातात द्यायची, उजव्याने चाके वर घ्यायची आणि पुन्हा हात बदलायचा. थ्रॉटलची गत याहून अवघड. पोलिश आणि फ्रेंच विमानांत वेग वाढवायला दांडा मागे ओढत, ब्रिटिश विमानात तो पुढे ढकलावा लागे. ऐन कसोटीच्या क्षणी माणूस डोक्याने कमी आणि हाताने जास्त विचार करतो. हाताला लागलेली ही जुनी सवय मोडून तिथे नेमकी उलटी सवय रुजवायची, तीही काही दिवसांत, आणि चुकले तर गाठ मरणाशी. नवे शिकणे त्या मानाने सोपे असते. येत असलेले विसरून पुन्हा शिकायचे म्हणजे मानाला मुरड घालावी लागते, आणि ती या माणसांनी रोज सकाळी घातली.

आकड्यांचेही तसेच. किलोमीटरचे मैल झाले, मीटरचे फूट झाले, लिटरचे गॅलन झाले. समोरच्या तबकड्यांवरचा प्रत्येक काटा परक्या मापात बोलू लागला. त्यात भर भाषेची. जमिनीवरून रेडिओवर हुकूम येत ते इंग्रजीत, आणि तेही सांकेतिक इंग्रजीत. उंची सांगताना ‘एंजल्स’, दिशा सांगताना ‘व्हेक्टर’, शत्रूची विमाने म्हणजे ‘बँडिट्स’ आणि ‘पॅनकेक’ म्हटले की उतरायचे. शत्रू कुठे दिसतो ते घड्याळाच्या आकड्यांवरून सांगायचे, म्हणून एक ते बारा हे इंग्रजी आकडे आधी घोटून घ्यायचे. स्क्वाड्रनला कमांडरही दोन होते, पोलिश बाजूने झ्जिस्वाफ क्रास्नोदेंब्स्की आणि ब्रिटिश बाजूने रोनाल्ड केलेट. सुरुवातीला बोलणे व्हायचे ते फ्रेंचमधून, म्हणजे दोघांनाही परक्या असलेल्या तिसऱ्याच भाषेतून. इथे आपल्या मनात भरतो तो जॉन केंट हा कॅनेडियन अधिकारी. ‘अ’ तुकडीची जबाबदारी त्याच्याकडे होती. हाताखालच्या वैमानिकांना इंग्रजी येईपर्यंत वाट पाहत न बसता त्याने विमान चालवण्यापुरते पोलिश शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहून घेतले आणि पाठ केले. पुढे ही पोलिश मंडळी त्याला लाडाने ‘केंटोव्स्की’ म्हणू लागली.

त्या महिन्यातली एक गोष्ट पोलंडमध्ये आजही सांगितली जाते. जवळच्या अक्सब्रिजला या वैमानिकांना मोठाल्या तीनचाकी सायकलींवर बसवण्यात आले. सायकलींवर रेडिओ, होकायंत्र आणि वेगदर्शक बसवलेले. फुटबॉलच्या मैदानावर रांग धरून चालवायचे आणि रेडिओवरून येईल त्या हुकुमाप्रमाणे वळायचे. खऱ्या लढाईत शत्रूची विमाने अंगावर घेतलेल्या माणसांना हे किती लागले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. ते चिडले, कुरकुरले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. तिकडे माथ्यावर लढाई पेटली आहे, देशावर झालेल्या अन्यायाची भरपाई करण्याची घडी समोर आहे आणि आपण मैदानात सायकली फिरवतो आहोत. पण कवायतीचा हेतूही खोटा नव्हता. ढगांत असताना स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जमिनीवरच्या आवाजावर विसंबून वळण्याची शिस्त ब्रिटनच्या सगळ्या संरक्षणव्यवस्थेचा कणा होती. रडारने टिपायचे, नियंत्रण कक्षाने जुळवायचे आणि वैमानिकाने ऐकायचे. ही साखळी त्यांच्या ओळखीची नव्हती. ती अंगवळणी पडल्याशिवाय त्यांना वर सोडणे त्यांच्याच जिवावर बेतले असते. आपल्याला वाटते, दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि त्या ओढाताणीतही सराव एक दिवस चुकला नाही, हे जास्त महत्त्वाचे.

रोजचा दिवस मग असा उभा राही: पहाटे उजाडण्याआधी मेकॅनिक गारठ्यात इंजिने तापवत, वैमानिक रांगेने उडत, रचना धरत, मोडत, पुन्हा धरत. लुटुपुटीचे हल्ले, उतरण्याच्या फेऱ्या, खाली आल्यावर चुकांचा पाढा, मग इंग्रजीचा वर्ग. या साऱ्यात मेकॅनिकांचे नाव फारसे घेतले जात नाही. वैमानिकाला नवे यंत्र चालवायला शिकायचे होते, यांना ते उघडून, समजून, रात्रीतून पुन्हा उभे करायला शिकायचे होते, आणि पुस्तके इंग्रजीत. पुढे सप्टेंबरात गोळ्यांनी चाळण झालेली विमाने संध्याकाळी परत येत, ती सकाळपर्यंत पुन्हा उडण्याजोगी होत, ती याच हातांच्या जोरावर.

३० ऑगस्टला हा सराव एका वळणावर आला. त्या दुपारी स्क्वाड्रन ब्लेनहाइम बॉम्बरांना संरक्षण देण्याच्या कवायतीसाठी उडाले होते. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सच्या बाजूला लुद्विक पाश्किएविच या वैमानिकाला खरीखुरी जर्मन विमाने दिसली. त्याने रेडिओवरून केलेटला कळवले. उत्तर आले नाही. तेव्हा तो रांग सोडून निघाला आणि त्याने एक जर्मन विमान पाडले. ३०३चा तो पहिला विजय. परतल्यावर त्याला रांग मोडल्याबद्दल बोलणी बसली आणि विजयाबद्दल शाबासकीही मिळाली. त्याचे नाव इतिहासात गेले, ते योग्यच. पण त्याच घडीला केलेट बाकीची रांग न मोडू देता सराव करणाऱ्या ब्लेनहाइमांना सांभाळून परत घेऊन येत होता, हेही आपण त्याच आदराने लिहून ठेवायला हवे. दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्टला, स्क्वाड्रन लढाईला सज्ज म्हणून जाहीर झाले.

पुढचे सहा आठवडे सर्वश्रुत आहेत. १२६ शत्रुविमाने पाडल्याचा ३०३चा दावा होता. नंतरच्या संशोधनाने हा आकडा बराच खाली आणला, तरी त्या लढाईतल्या सर्वांत यशस्वी स्क्वाड्रनांमध्ये त्याचे नाव कायम आहे. किंमतही मोजावी लागली. ६ सप्टेंबरला क्रास्नोदेंब्स्की भाजून जखमी झाला आणि विटोल्ड उर्बानोविचने धुरा उचलली. २७ सप्टेंबरला पाश्किएविच कामी आला. ८ ऑक्टोबरला योसेफ फ्रांतिशेक गेला. तो होता चेक, पण पोलिश मित्रांची साथ न सोडता त्यांच्यातच राहून लढला आणि त्याने १७ विमाने पाडली. ऑक्टोबरच्या ११ तारखेला उरलेल्यांना विश्रांतीसाठी उत्तरेकडे लेकनफील्डला पाठवले गेले, आणि तिथे विश्रांती म्हणजे काय, तर नव्याने आलेल्या मुलांना तयार करणे! जे ऑगस्टमध्ये विद्यार्थी होते ते ऑक्टोबरमध्ये शिक्षक झाले. पुढे नॉटिंगहॅमजवळ हकनॉल आणि न्यूटनला पोलिश वैमानिकांच्या स्वतंत्र शाळाच उभ्या राहिल्या.

परदेशात घडवल्या जाणाऱ्या या दलाला मायदेशाने आपला ध्वज पाठवला, ही हकीकत आपल्याला फार मोलाची वाटते. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या विल्नो शहरात १९४० साली बायकांनी लपूनछपून तो भरतकाम करून तयार केला. त्यावर ‘प्रेम त्याग मागते’ अशा अर्थाचे ब्रीद आहे. चोरवाटेने तो लंडनला आला आणि १६ जुलै १९४१ रोजी स्विंडर्बीच्या तळावर विमानदलाच्या हाती सोपवला गेला. तो एका जागी मिरवत न ठेवता दर तीन महिन्यांनी एका स्क्वाड्रनकडून दुसऱ्याकडे जाई. प्रत्येकाने आपली पाळी आली की तो सांभाळायचा आणि पुढच्याच्या हाती द्यायचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेल्या मानाच्या परंपरा ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना या पाळीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

युद्ध जिंकले, पण देश मिळाला नाही. पोलंड सोव्हिएत छायेखाली गेला आणि बहुतेकांना परतणे अशक्य झाले. १९४६च्या अखेरीला ३०३ विसर्जित झाले. त्याच वर्षी ब्रिटनने पोलिश सैनिकांना नागरी जीवनासाठी तयार करण्याकरिता खास दल उभारले. म्हणजे ज्यांनी आधी देंब्लिनला आणि मग नॉर्थोल्टला धडे गिरवले, त्यांना ऐन तिशीत आणखी एकदा पाटी कोरी करून कारखान्यातले, दुकानातले, शेतावरचे काम शिकावे लागले. या तिसऱ्या शिक्षणावर कुणी चित्रपट काढत नाही, पण त्यालाही तितकीच हिंमत लागली असली पाहिजे.

या कथेचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलिश लोकांमधून १९४१-४२मध्ये जनरल आंदेर्सचे सैन्य उभे राहिले. त्यातले हजारो तरुण विमानदलात आणि नौदलात भरती होण्यासाठी ब्रिटनला गेले. त्याच लोंढ्यातल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे इराणमार्गे कुठे कुठे विखुरली. त्यांतली सुमारे पाच हजार १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. बराकींच्या रांगांमध्ये त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारले, स्काउटची पथके काढली. तिकडे पुरुष परक्या भाषेत हुकूम ऐकायला शिकत असताना इकडे मुले आपली भाषा विसरू नयेत म्हणून शिक्षिका जिवाचा आटापिटा करत होत्या. १९४८पर्यंत ही छावणी उठली. कित्येक कुटुंबे सैन्यातल्या आपल्या माणसांकडे ब्रिटनला गेली. रिकाम्या झालेल्या त्याच जागेत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव येऊन वसले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. कापडाच्या खरेदीसाठी आपण तिथे जातो, येतो. एका बेघर समाजाने मोकळी केलेली जागा दुसऱ्या बेघर समाजाची भरभराटीची बाजारपेठ झाली आहे, हे खरेदी करता करता क्वचितच आपल्या लक्षात येते.

वळिवड्यात लहानाची मोठी झालेली पोलिश माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे अधूनमधून कोल्हापूरला येतात. शहरात त्यांचे स्मारक आहे, वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभे आहे. समारंभांना आपण आवर्जून जातो, हारफुलेही होतात. त्याला आता थोडी अभ्यासाची जोड हवी. कोल्हापूर आणि करवीर परिसरातल्या शाळांनी नववीच्या वर्गाची एक सहल गांधीनगरला काढावी, छावणीच्या काळातले जे कुणी वृद्ध आजही सापडतील त्यांच्या आठवणी मुलांकडून लिहून घ्याव्यात, जुने नकाशे मिळवून कुठली बराक कुठे होती ते जागेवर जुळवून पाहावे. पुढच्या ऑगस्टपर्यंत वर्ष हाताशी आहे. कुणी पोलिश पाहुणा आपल्या आजीची शाळा शोधत आला, तर त्याला बरोबर घेऊन जाऊन ती जागा दाखवू शकेल असा एक तरी विद्यार्थी प्रत्येक शाळेत तेवढ्या अवधीत तयार करता येईल.