घरच्या संगणकावर ‘प्रभात’

घरच्या संगणकावरची करमणूक हा या अंकाचा विषय ठरला, तेव्हा मला आधी आठवला ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांचा, ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा १९३६चा हा चित्रपट आज यूट्यूबवर सापडतो. प्रत जुनी, चित्रावर रेघा, आवाजात खरखर. तरी चांगले स्पीकर जोडून पाहाच. आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी तुकारामांची बायको आवली! आवली साकारणाऱ्या गौरी यांचा तो आवेश मी थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहते. थिएटरात ही सोय कुठली?

आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून हे जुनं वैभव सर्वांना खुलं आहे. नव्याचं तसं नाही. गेल्या शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट फुकटात डाउनलोड करणं ही चोरीच, आणि तिचा फटका लहान निर्मात्याला सर्वांत जास्त बसतो. तिथे पैसे मोजायलाच हवेत, असं मला कळकळीनं वाटतं.

आणखी एक. संगणक एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा, म्हणजे आजीलाही आरामात बसून पाहता येईल. काय लावायचं, ते तिलाच विचारा.