गोळीइतकीच सिस्टर महत्त्वाची

दारूबंदीच्या वर्ध्यात व्यसनमुक्ती म्हणजे एकदाचे सोडून देणे, अशी समजूत खोल रुजली आहे. गर्दच्या, म्हणजे अफूजन्य हेरॉइनच्या, बाबतीत ती जिवावर बेतते. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सोसून गर्द सोडलेल्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. घसरून त्याने जुनाच डोस घेतला, तर श्वास बंद पडतो. म्हणूनच ‘नॅको’च्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांत गर्दऐवजी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात. २०१७ साली ‘बीएमजे’त आलेल्या एकत्रित अभ्यासात मेथाडोन या अशाच औषधाच्या उपचारात असलेल्यांत वर्षाला हजारी सुमारे ११ मृत्यू दिसले, उपचार सुटलेल्यांत ३६, ब्युप्रेनॉर्फिनमध्ये सुमारे ४ आणि साडेनऊ. थोडक्यात, जीव वाचतो तो उपचारात टिकण्याने.

आणि टिकवते कोण? डॉक्टर डोस ठरवतात, पण रोज समोर असते ती सिस्टर. अंगात गर्द असताना पहिली गोळी दिली तर टर्की उसळते. म्हणून जांभया, घाम, अंगावरचा काटा, विस्फारलेल्या बाहुल्या पाहूनच सुरुवात करायची. गोळी चुरून जिभेखाली ठेवायची, ती विरघळेपर्यंत थांबायचे, तोंड उघडून पाहायचे. याच काही मिनिटांत सुईच्या जागेची गाठ दिसते, झोपेच्या गोळ्यांची किंवा दारूची गुंगी ओळखू येते. ब्युप्रेनॉर्फिनबरोबर हे दोन्ही घातक. दोन दिवस न आलेल्याची चौकशी तिनेच करायची. एवढी जबाबदारी टाकून तिला कंत्राटावर ठेवणे आणि रजिस्टरांत बुडवणे मला अक्षम्य वाटते.

‘एक नशा काढून दुसरी लावली’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण या गोळीचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. तलफेमागची धावपळ थांबते, माणूस कामावर जातो. रोजच्या हेलपाट्यात मजुरी बुडते, हे मात्र खरेच. २०२० च्या टाळेबंदीत घरी न्यायला गोळ्या दिल्या गेल्या. स्थिरावलेल्यांना ती सवलत सिस्टरच्या देखरेखीखाली मिळत राहावी. वर्ध्याचा याच्याशी काय संबंध, असेही कुणी विचारील. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आढळले. त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. शिवाय लोक ज्याला शिवत नव्हते अशा रोग्याच्या शुश्रूषेची परंपरा याच मातीतली: दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वेचले, सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करीत. सेवाग्रामच्या परिचर्या महाविद्यालयातल्या मुलींना अशा केंद्रात काही आठवडे प्रत्यक्ष काम करायला मिळावे आणि पुढे तिथे कायमची पदे असावीत, ही मागणी वर्ध्यातूनच उठायला हवी.