वाण बांधावर पोचला, वाकड्या पायाचा इलाज कुठे अडला?

शहापूर-मुरबाडच्या खाचरांत कर्जत-३ सारखे भाताचे वाण आपण लावतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून ते आपोआप चालत आलेले नाहीत. मध्ये कृषी सहायक होता, गावात एखाद्या शेतावर प्रात्यक्षिक होतं आणि शेजाऱ्याचं पीक पाहून वाण बदलणारा शेतकरी होता. शोध लागणं हे निम्मं काम, तो बांधावर नेणं हे उरलेलं निम्मं. अपंगत्वाच्या बाबतीत हे उरलेलं काम आपण कुणावर सोपवलंय?

जन्मतः आत वळलेल्या पावलाचंच बघा. हजार बाळांमागे साधारण एकाला हा दोष असतो. ग्रहणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकेत आयोवा इथल्या डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी त्यावर साधा इलाज बसवला आणि १९६३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून नवं प्लास्टर घालायचं, अशी पाच-सहा प्लास्टरं. बहुतेकांना टाचेमागच्या शिरेवर एक लहानसा छेद. मग पट्टीला जोडलेले खास बूट. तरीही पुढची तीसेक वर्षं जगभर मोठ्या शस्त्रक्रियाच चालू राहिल्या. १९९० च्या दशकाअखेर ही पद्धत पसरू लागली, ती बऱ्याच अंशी बऱ्या झालेल्या मुलांच्या आईबापांनी इतरांना सांगितल्यामुळे. तिथंही शेजाऱ्याचं पीकच कामी आलं!

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी, नवजात बाळाला आशाताईंची घरभेट, अशी त्याची आखणी आहे. हा दोष त्यांच्या यादीत आहे, उपचारही मोफत. पण दर आठवड्याची खेप मोफत नसते. वाडीवरून फाट्यापर्यंत पायपीट, पुढे एसटी, वर बुडालेली मजुरी. त्यात लावणी आली तर विचारूच नका.

खरी गोम पुढेच आहे. बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर मूल चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. पाय सरळ दिसला की घरचे निर्धास्त होतात. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं आणि बूट घरीच राहिले, तर पाय पुन्हा वळू शकतो. पेरणी झाली, राखण राहिली, तशी गत.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. असं बाळ जन्मलं की त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राला कळवावं. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून प्रवासाला मदत देता येईल का, हे पंचायत समितीत विचारून घ्यावं. आणि स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबाच्या गाठोड्यात ते बूट आहेत ना, एवढं पाहावं.

आणि वाचकहो, तुमच्या पाहण्यात पाय बरा झालेलं मूल असेल, तर त्याच्या आईला ग्रामसभेत बोलायला लावा. तिच्याइतकं पटणारं प्रात्यक्षिक दुसरं नाही.