यादीत नसलेली घरं

भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये मत देता येतं. कौन्सिलच्या निवडणुकीत येतं, पार्लमेंटच्याही येतं. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, इंडेफिनिट लीव्ह, म्हणजे कायम राहण्याची परवानगीही लागत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेली मुलगी, तिच्याबरोबर डिपेंडंट म्हणून आलेला नवरा, मास्टर्स करायला आलेला विद्यार्थी, वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि इथे राहणाऱ्या या सगळ्यांना हा हक्क आहे, कारण भारत कॉमनवेल्थचा सदस्य आहे. शेजारच्या अमेरिकन माणसाला तो नाही. आपल्याला आहे. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मी हे सांगते तेव्हा निम्म्या लोकांना ते पहिल्यांदाच कळतं आणि उरलेले म्हणतात, "हो, ऐकलंय, पण नाव नाही घातलं अजून."

यंदा ७ मे रोजी लंडनच्या सगळ्या ३२ बरोंमध्ये कौन्सिलची निवडणूक आहे. चार वर्षांतून एकदाच ही संधी येते. म्हणून गुढीपाडव्याच्या अंकात फराळाच्या आणि पाडव्याच्या आठवणींऐवजी मी या विषयावर लिहिते आहे, आणि जरा आग्रहानेच लिहिते आहे.

जानेवारीत मुंबई, पुण्यासह राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा आपले सगळ्यांचे फोन तापले होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडलं. जवळपास चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. आपण त्यावर चिडलो, आणि ते रास्तच होतं. निकालाच्या दिवशी कोणत्या प्रभागात कोण पुढे, हे हॅरो आणि हाउन्स्लोमध्ये बसून आपण मिनिटामिनिटाला बघत होतो. पण त्याच आपल्याला स्वतःच्या वॉर्डातल्या कौन्सिलरचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. ज्या निवडणुकीत आपल्याला मत नाही तिची खडान्‌खडा माहिती, आणि जिथे मत आहे तिथे यादीत नावसुद्धा नाही. हे मला पटत नाही.

लोक म्हणतात, कौन्सिल करतं काय? कचरा उचलतं. याचं उत्तर क्रॉयडनकडे बघून मिळतं.

क्रॉयडन हा लोकसंख्येने लंडनमधल्या सगळ्यांत मोठ्या बरोंपैकी एक. २०२१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ३ लाख ९० हजार माणसं होती. तिथल्या कौन्सिलने २०१५ मध्ये घरं बांधायला स्वतःची एक कंपनी काढली, ब्रिक बाय ब्रिक नावाची. हेतू वाईट नव्हता. घरं हवीच होती, आणि फायदा झाला असता तर तो सेवांवर खर्च करता आला असता. कौन्सिलने कर्ज काढून या कंपनीला जवळपास २० कोटी पौंड दिले. परतावा यायचा तसा आला नाही. २०१८ मध्ये कौन्सिलने गुंतवणूक म्हणून सुमारे ३ कोटी पौंडांना एक हॉटेल विकत घेतलं. करोना आला आणि ते चालवणारी कंपनीच बुडाली. ऑक्टोबर २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी जाहीर अहवाल काढून धोक्याची घंटा वाजवली, आणि नोव्हेंबरमध्ये कौन्सिलच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी सेक्शन ११४ ची नोटीस काढली. म्हणजे कायद्याने बंधनकारक असलेल्या कामांपलीकडे नवा खर्च बंद. पुढच्या दोन वर्षांत अशा आणखी नोटिसा निघाल्या. कर्जाचा आकडा एक अब्ज पौंडांच्या वर होता.

मग बिल कोणाकडे गेलं? एरवी लोकांचा कौल घेतल्याशिवाय अशा कौन्सिलला कौन्सिल टॅक्स वर्षाला पाच टक्क्यांपर्यंतच वाढवता येतो. क्रॉयडनला सरकारने खास परवानगी दिली आणि २०२३ मध्ये तिथे एका झटक्यात १४.९९ टक्के वाढ झाली. २०२४ मध्ये चार ग्रंथालयांना टाळं लागलं. हा वाढीव कर भरणाऱ्यांमध्ये आदल्याच महिन्यात बंगळुरूहून बदली होऊन आलेलं जोडपंही होतं. त्यांनी ना कंपनी काढली होती ना हॉटेल घेतलं होतं. पण कौन्सिल टॅक्सचं बिल व्हिसा बघून येत नाही, ते पत्ता बघून येतं.

कर्ज झालं तेव्हा लेबरची सत्ता होती, कर वाढला तेव्हा महापौर कॉन्झर्व्हेटिव्ह होते. त्यामुळे हा कुठल्या एका पक्षावरचा आरोप नाही. मला सांगायचंय ते हे की एवढे मोठे निर्णय कौन्सिलच्या बैठकीत हात वर करून झाले, आणि ते हात आपणच निवडून दिलेले असतात किंवा आपण गैरहजर असताना इतरांनी निवडून दिलेले असतात.

या सगळ्या गोंधळानंतर क्रॉयडनकरांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सार्वमत घेऊन थेट निवडलेला महापौर आणायचं ठरवलं. मे २०२२ मध्ये ती पहिली निवडणूक झाली. जेसन पेरी आणि व्हॅल शॉक्रॉस यांच्यात शेवटच्या फेरीत फरक पडला ५८९ मतांचा. पावणेचार लाखांवर वस्तीच्या बरोचा कारभार चार वर्षं कोणाच्या हाती, हे ५८९ मतांनी ठरलं. क्रॉयडनमधले भारतीय पासपोर्टवाले सगळे मत द्यायला गेले असते तर निकाल इकडचा तिकडे झाला असता की आहे तोच पक्का झाला असता, ते मला माहीत नाही आणि मला त्यात रसही नाही. पण पेरींना आणि शॉक्रॉसबाईंना, दोघांनाही, आपल्या दारावर यावं लागलं असतं.

दारावर येण्याचा हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. एप्रिलमध्ये पक्षांचे कार्यकर्ते कोटावर रंगीत रोझेट लावून गल्लीतून फिरतात, ते वाटेल ते दार ठोठावत नाहीत. त्यांच्या हातात मतदार यादी असते, घर क्रमांकानुसार लावलेली. २२ नंबरला दोन मतं, २४ ला तीन, २६ ला कोणी नाही, थेट २८. ज्या घरातलं नाव यादीत नाही, त्या घराची बेल वाजत नाही. त्या घरातल्यांचा प्रश्न कार्यकर्त्यांच्या वहीत लिहिला जात नाही. आणि वॉर्डांच्या सीमा आखताना नेमलेला आयोग मोजतो तेही मतदारच. नव्याने आलेल्या कुटुंबांनी भरलेल्या पण यादीत रिकाम्या दिसणाऱ्या वस्तीला प्रतिनिधीही त्या हिशेबानेच मिळतात.

याचा अनुभव आमच्या शनिवारच्या मराठी शाळेला आला. वर्ग भरायचे तो हॉल कौन्सिलचा. एका वर्षी भाडं एकदम इतकं वाढवलं की फी दुप्पट करावी लागली असती. आम्ही काही पालक मिळून कौन्सिलरच्या सर्जरीला गेलो. म्हणजे ठरलेल्या वेळी कौन्सिलर ग्रंथालयात वगैरे बसतात आणि कोणीही जाऊन आपलं गाऱ्हाणं मांडू शकतं, ती बैठक. बाई सभ्य होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाचं नाव-पत्ता लिहून घेतला. मग त्यांनी सहज विचारलं, "यादीत आहात ना सगळे?" आमच्यातल्या मोजक्याच हातांनी होकार दिला. त्यांनी तरीही पत्र लिहिलं, आणि वाढ दोन टप्प्यांत विभागून मिळाली, हे त्यांच्या श्रेयाचं. पण त्या दिवशी त्या टेबलाशी बसून मला जे वाटलं ते विसरता येत नाही. आपण विनंती करायला गेलो होतो. हक्काने बोलायला जाता आलं असतं.

आपल्या जगण्यातलं केवढं तरी कौन्सिलच्या हातात आहे. मुलांच्या शाळाप्रवेशाची यादी तिथून चालते. गणपतीच्या मिरवणुकीसाठी रस्ता बंद करायची परवानगी, घराला मागे खोली वाढवायची परवानगी, बागा, पार्किंगचे परवाने, ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट, म्हातारपणी घरी मदतीला येणारी बाई हे सगळं तिथलंच. शेवटच्या गोष्टीबद्दल आपण बोलत नाही. मंडळातली पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, आणि कौन्सिलच्या पैशाचा फार मोठा हिस्सा याच वृद्धांच्या आणि अपंगांच्या काळजीवर जातो. तो कसा खर्च व्हावा यावर आपलं काहीच म्हणणं नसावं?

"आम्ही काय, पाच वर्षांनी परत जाणार." हा युक्तिवाद मी सगळ्यांत जास्त ऐकते. असं म्हणणाऱ्यांना मी दोन माणसांची नावं सांगते.

कृष्ण मेनन लंडनमध्ये इंडिया लीग चालवत होते. भारताचं स्वातंत्र्य हेच त्यांचं रात्रंदिवसाचं काम. तरीही १९३४ पासून १९४७ पर्यंत ते सेंट पँक्रस बरोचे कौन्सिलर होते, आणि तिथल्या ग्रंथालयांसाठी त्यांनी केलेल्या कामाची आठवण ठेवून १९५५ मध्ये त्या बरोने त्यांना सन्मान्य नागरिकत्व दिलं. दुसरे डॉ. चुनीलाल कतियाल, मूळचे पंजाबचे. १९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन भेटले ते याच डॉक्टरांच्या कॅनिंग टाउनमधल्या घरी. पुढे ते फिन्सबरी बरोच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले आणि १९३८ मध्ये महापौर. त्याच वर्षी फिन्सबरी हेल्थ सेंटर उघडलं: एका छपराखाली दवाखाना, दंतवैद्य, क्षयाची तपासणी, तेही एनएचएस सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी. इमारत पाइन स्ट्रीटवर आजही उभी आहे, जाऊन बघा. देश पारतंत्र्यात असताना, मन सगळं तिकडे लागलेलं असताना या माणसांनी राहत्या गल्लीची जबाबदारी घेतली. आपला मुक्काम किती वर्षांचा, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला नाही.

दुसरी शंका भीतीची असते. नाव घातलं तर व्हिसाला अडचण येईल का? भारतीय नागरिकत्व जाईल का? दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. उलट यादीत नाव असलं की बँकेला पत्त्याची खात्री पटते आणि क्रेडिट स्कोअरला मदतच होते. आणि व्हिसावरच्या माणसाला उमेदवार होता येत नसलं तरी इंडेफिनिट लीव्ह मिळालेल्याला होता येतं. अनामत रक्कम नाही. त्या वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात. आपल्यातल्या चाळिशीतल्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या समित्या लीलया चालवणाऱ्या बायकांनी यावर विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष मतदानात आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो मतपत्रिकेवर. इथे यंत्र नाही, बोटाला शाई नाही. चर्चच्या हॉलमध्ये किंवा शाळेत टेबलामागे बसलेला अधिकारी ओळखपत्र बघतो, यादीतल्या नावावर पट्टी ठेवून रेघ ओढतो आणि लांबलचक कागद देतो. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल असते. बहुतेक वॉर्डांत दोन किंवा तीन जागा असतात, आणि जितक्या जागा तितक्या फुल्या मारता येतात. सवयीने एकच फुली मारून येणारे बरेच आहेत; तसं मत बाद होत नाही, पण उरलेली मतं वाया जातात. सगळी मतं एकाच पक्षाला द्यायचं बंधन नाही. १, २, ३ असे आकडे मात्र घालू नका.

मंडळाबद्दल एक स्पष्ट बोलते. मंडळाने कोणाला मत द्या हे सांगू नये. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला ते कायद्यानेही चालत नाही, आणि जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या गठ्ठ्याने मतं फिरवण्याचा जो प्रकार आपण तिकडे पाहिला तो इथे रुजवण्यात मला सहभागी व्हायचं नाही. पण सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एका संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये बोलावून प्रश्न विचारणं कायद्यात बसतं. कार्यकारिणीने एप्रिलच्या कार्यक्रमातला एक तास त्यासाठी द्यावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. लंडनमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीला तिघांतला एखादाच मतदार बाहेर पडतो. अशा वेळी एका वॉर्डातल्या चाळीस-पन्नास कुटुंबांचं वजन किती असतं, ते उमेदवारांना आपल्यापेक्षा आधी कळतं.

नाव नोंदवायची शेवटची तारीख २० एप्रिल. सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवून बसलात तर पाच मिनिटांचं काम आहे. मतदानाच्या दिवशी प्रवासात असाल तर टपाली मतदानाचा अर्ज २१ एप्रिलच्या संध्याकाळी पाचच्या आत करा. मतदान गुरुवारी ७ मे रोजी सकाळी ७ ते रात्री १०. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो, तो बरोबर न्या, आणि घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव यादीत आहे ना, हे हा अंक खाली ठेवण्याआधी विचारा.