उंबरठ्यावरचा प्रश्नकर्ता

हैदराबादेतील काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. १९१६ साली उभारलेल्या काचीगुडा स्थानकावर मनमाडकडून परभणी-नांदेडमार्गे येणारी जुनी मीटरगेज गाडी थांबे, आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी निघालेला मराठवाड्यातला तरुण तेथेच निजामाच्या राजधानीत पहिले पाऊल टाकी. अशा वस्तीकडे समाजशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष न गेले तरच नवल. घरात कोणती भाषा बोलता, मुलीचे लग्न कोणत्या जातीत झाले, वडिलोपार्जित जमीन कोणाच्या ताब्यात आहे, असे प्रश्न घेऊन कोणीतरी सुशिक्षित तरुण दारात उभा राहतो. घरच्या काकू त्याला आत बोलावतात, चहा देतात आणि सांगू नये तेही सांगून जातात. सांगितलेले हे सारे पुढे कोठे जाते, हा आमचा आजचा विषय आहे.

दारात येणारा प्रत्येक जण विद्यापीठातूनच आलेला असतो असे नाही. १९ ऑगस्ट २०१४ रोजी तेलंगण सरकारने सार्वजनिक सुटी देऊन एकाच दिवसात सबंध राज्याची कुटुंब पाहणी उरकली. हैदराबादेत त्या वेळी 'मूळचे कोण आणि बाहेरचे कोण' हे ठरविण्यासाठीच हा घाट घातला असल्याची धास्ती पसरली होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा माहिती देणे सक्तीचे नाही, असे सरकारला सांगावे लागले. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जातनिहाय पाहणी झाली. तिच्यात ७५ रकाने होते. जात, उत्पन्न, जमीन आणि कर्ज यांच्याबरोबर कुटुंबाची राजकीय पार्श्वभूमीही त्यांत विचारली होती. राज्यातील सुमारे ९७ टक्के कुटुंबांची नोंद झाल्याचे जाहीर झाले, पण राजधानीतल्या पुष्कळांनी दार उघडले नव्हते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राहिलेल्यांना पुन्हा संधी द्यावी लागली. दार न उघडणाऱ्यांना आडमुठे म्हणणे सोपे आहे. परंतु २०२४ च्याच जानेवारीत 'प्रजापालन' योजनेचे नागरिकांनी भरून दिलेले अर्ज दुचाकीवरून नेले जात असता बालानगरच्या उड्डाणपुलावर विखुरले होते, हे त्यांनी वर्तमानपत्रांत वाचले होते. ज्यांचे कागद वाऱ्यावर उडाले त्यांच्या शेजाऱ्याने दाराला कडी घातली, तर त्याला दोष कसा द्यावा?

सरकारी पाहणी वेगळी आणि संशोधकाची मुलाखत वेगळी, हे आम्हांला मान्य आहे. परंतु उंबरठ्याच्या आतून दोन्ही सारखीच दिसतात. एकाने गमावलेला विश्वास दुसऱ्यालाही मिळत नाही.

कायदा येथे काय करतो? १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रगणकाच्या नोंदींना निश्चित संरक्षण दिले आहे. त्या कोणाला पाहता येत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. संशोधकाच्या वहीला असे कवच नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बहुतेक बंधने लागू होण्यास मात्र दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. या कायद्यातून संशोधनाला सूट आहे. ज्याची माहिती घेतली त्या व्यक्तीविषयी तिच्या आधारे कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, एवढीच अट. शिवाय कायदा संगणकीय माहितीचा आहे. टेबलाच्या खणात पडलेली कागदी प्रश्नावली त्याच्या कक्षेत येतच नाही. मानके पाळली की नाही हे पाहणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि आमच्या विद्यापीठांतील नीतिसमित्यांचा एकंदर उत्साह पाहता त्याचे उत्तर फारसे आश्वासक वाटत नाही.

वचन देणे सोपे असते. ते पाळणे आपल्या हातात आहे काय, हे आधी पाहावे लागते. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधील जुन्या सशस्त्र लढवय्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. 'तुमच्या मृत्यूपर्यंत हे कोणी ऐकणार नाही', असा शब्द त्यांना मिळाला होता. २०११ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मागणीवरून अमेरिकन न्यायालयामार्फत त्या फितींची मागणी झाली आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. अमेरिकन कायदा परवानगी देईल तेवढ्यापुरतीच ही गुप्तता, ही मर्यादा प्रकल्पप्रमुखाच्या करारात होती. बोलणाऱ्यांच्या कागदावर ती नव्हती.

आपल्याकडे पोलिसांपेक्षाही मोठे भय शेजाऱ्याचे आहे. संशोधक नाव बदलतो आणि निर्धास्त होतो. परंतु 'काचीगुड्यातील एक निवृत्त मराठी शिक्षिका, वय ७२, धाकटा मुलगा अमेरिकेत, सुनेशी अबोला' असे छापल्यावर नाव छापायचे राहिले काय? मराठी मंडळींचा गोतावळा तेथे मर्यादित आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात चार बायका जमल्या की पाचव्या वाक्याला ओळख पटते. त्यातून त्या सुनेने तर संमतीही दिलेली नसते. मुलाखत देणारी व्यक्ती एक असते आणि उघडी पडणारी पाच, ही गोष्ट संमतिपत्राच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही. ते संमतिपत्रही बहुधा इंग्रजीत असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३८ च्या 'वंदे मातरम्' सत्याग्रहात उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेले विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले. त्यांच्या पिढीने पुढे आपल्या आठवणी अभिमानाने, नावानिशी सांगितल्या. अशांना 'प्रतिसादक क्रमांक १७' करणे हा अपमानच होय. नाव झाकायचे की मिरवायचे, हे बोलणाऱ्याने ठरवायचे असते. पण ते ठरविण्यासाठी छापले काय जाणार हे त्याला आधी कळले पाहिजे.

काचीगुड्याची चिंता आम्ही समुद्रकाठी बसून का करावी, असे कोणी विचारील. 'तुमची मातृभाषा कोणती' हा प्रश्नसुद्धा किती निरागस नसतो, हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि तिच्यात जातीची नोंद व्हायची आहे. तिच्या मागोमाग संशोधकांच्या टोळ्या आपल्याही वाड्यावाड्यांतून फिरतील. त्यांच्याकडे आमचे मागणे थोडके आहे. संमतिपत्र मराठीत किंवा कोकणीत वाचून दाखवावे. नावांची यादी उत्तरांपासून वेगळी, कुलपात ठेवावी. लेखन संपल्यावर ध्वनिफिती कधी पुसणार त्याची तारीख लिहून द्यावी. छापण्यापूर्वी त्या व्यक्तीविषयीचा मजकूर तिला ऐकवावा आणि तिने 'हे वाक्य काढा' म्हटले तर ते निमूटपणे काढावे. आणि हे सारे मान्य नसलेल्या संशोधकाला चहा देऊन परत पाठवण्याची मुभा घरच्या काकूंना आहेच, हे त्यांना कोणीतरी सांगावे.